इरल्याचं माप

मला इरलं विणता येतं, अशी थाप मी आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना मारली आणि मग तो सगळा पावसाळा ती थाप निस्तरण्यात गेला.

नव्या शतकाची ती पहिली काही वर्षं. वसई पूर्वेला जिकडे तिकडे इमारती उठत होत्या, आणि त्या इमारतींतल्या मुलांसाठी निघालेल्या एका शाळेत मी कार्यानुभवाचा मास्तर होतो. कार्यानुभव हा वेळापत्रकातला असा तास की गणिताचा पोर्शन मागे राहिला की तो पहिला कापायचा. पण आमच्या मोठ्या बाईंचं डोकं जरा वेगळं होतं. त्यांनी जिन्याखालची अडगळ काढून मला एक लांबट खोली करून दिली. एका पालकांनी कारखान्यातलं जुनं ड्रिल मशीन दिलं, कुणी करवती दिल्या, कुणी मोडके पंखे आणि रेडिओ आणून टाकले. मुलं तिथे लाकूड कापायची, सोल्डरिंग करायची, पंखे उघडायची आणि बऱ्याचदा पुन्हा जोडायचीही. त्या खोलीला सगळे ‘कारखाना’ म्हणत, आणि शाळेत माझं म्हणून काही असेल तर ते एवढंच होतं.

जूनमध्ये मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

“सर, यंदा दर शनिवारी आदिवासी हस्तकलेची कार्यशाळा घेऊ या. आठवीची बावीस मुलं घ्या. वारली चित्रं सगळ्याच शाळा करतात, गेरू फासला आणि त्रिकोण काढले की झालं. आपण काहीतरी वापरायची वस्तू बनवू. तुम्ही तर वारलीच आहात. तुमच्याकडचं काय येतं तुम्हाला?”

याचा राग मानावा की आनंद, हे ठरायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, “इरलं.”

“येतं तुम्हाला?”

“लहानपणापासून. वडिलांच्या मांडीवर बसून शिकलो.”

वडिलांच्या मांडीवर बसून मी त्यांच्या धोतराला नाक पुसण्यापलीकडे काही केल्याचं कुणाला आठवत नाही. मला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत घातलं. आमच्या पाड्यापासून ती एवढी लांब की पोहोचवायला गेलेला माणूस त्या दिवशी परत येत नसे. दिवाळीला घरी, मे महिन्यात घरी, बाकी वर्षभर तिथे. पावसाळ्यात भाताची रोपं उपटून चिखलात लावतात, त्याला आम्ही आवणी म्हणतो. ती जून-जुलैत होते. तेव्हा मी नेहमी शाळेत. पुढे कॉलेज, मग नोकरी. शेतकऱ्याच्या घरी जन्मून मी उभ्या आयुष्यात एक रोप लावलं नव्हतं, आणि आवणीत डोक्यापाठीवर घ्यायचं इरलं तर कधी अंगावरही घेतलं नव्हतं.

पण बाईंना ते मांडीचं फार आवडलं. पालकांच्या सभेत त्यांनी माझ्याकडे हात करून सांगितलं, “सरांना ही कला वडिलांकडून मिळाली आहे.” टाळ्या पडल्या. मी उभा राहून नमस्कार केला. थाप मारणाऱ्याला लाज नसते असं नाही, ती यायला वेळ लागतो इतकंच.

तुळिंजला मी एका खोलीत भाड्याने राहायचो. पुढच्याच रविवारी सकाळी तिथून निघालो, विरारला एसटी धरली, आणि डोंगराच्या पायथ्याशी आमच्या पाड्यावर आईकडे गेलो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, बहीण लग्न होऊन सासरी होती. आई एकटी राहायची, थोडी शेती करायची आणि सगळ्या पाड्याची इरली विणायची. तोवर बाजारात प्लॅस्टिकचे कागद आले होते, तरुण बायका तेच डोक्याला बांधून शेतात उतरायच्या. पण म्हाताऱ्या बायांना इरलंच लागे आणि ते आईच्या हातचंच लागे.

आमच्या ओसरीच्या खांबाला एक खुंटी होती. तिच्यावर मापाच्या दोऱ्या लटकलेल्या असायच्या. ज्याचं इरलं करायचं त्याच्या अंगाला आई दोरी लावायची, जिथे माप संपेल तिथे गाठ मारायची आणि दोरी खुंटीला अडकवून ठेवायची. लहान पोराची पहिली दोरी असली की त्या गाठीच्या पुढे चार बोटं सोडून दुसरी गाठ मारायची, पोर वाढणार म्हणून. कुठली दोरी कुणाची हे तिला विचारावं लागत नसे. माझ्या वडिलांची दोरी ते गेल्यावरही तिथेच होती. बहिणीची होती. शेजारपाजारची होती. माझी नव्हती.

दहाएक वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत मी तिला विचारलं होतं, “आये, माझी दोरी कंची?”

“तुजी कशाला? तू कुठं असतोस आवनीला?” ती भात पाखडत होती, तिने वर पाहिलंही नाही. तेव्हा मला काही वाईट वाटलं नाही. उत्तर बरोबरच होतं.

तर त्या रविवारी मी तिच्यापुढे बसलो आणि म्हणालो, “आये, मला इरलं शिकव.”

ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ती हसली की समोरच्याला गप्प बसणं अवघड व्हायचं. “मास्तर झालास, नि आता शिकतोस?”

“शाळेतल्या पोरांना शिकवायचंय.”

“मग बस. पँट वर कर, घान होईल.”

तिने मला जसं सहा वर्षांच्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, बाहेरची हिरवी साल ठेवायची, आतला मऊ भाग टाकून द्यायचा. कोयता ढकलायचा नाही, कोयता धरून बांबू पुढे सरकवायचा. मी ढकलला आणि अंगठा कापला. तिने हळद दाबली, पदराची चिंधी बांधली आणि पुन्हा कोयता हातात दिला. कामट्यांची सहा कोपऱ्यांच्या भोकांची जाळी विणायची. अशा दोन जाळ्या, मधे पळसाची पानं एकावर एक कौलांसारखी रचायची आणि कडा आवळून बांधायच्या. चुकलं की ती हातावर चापट मारायची. मी तिशी ओलांडलेला, पगारदार, खिशाला पेन लावलेला माणूस, आणि पाड्यावरची पोरं कुडाआडून माझी फजिती बघत हसत होती.

अशी माझी गाडी सुरू झाली. रविवारी शिकायचं, शनिवारी शिकवायचं. मधल्या पाच दिवसांत विसरायला व्हायचं, म्हणून रात्री तुळिंजच्या खोलीत सराव करायचो. गॅलरीत बांबूच्या साली साचल्या तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, “भाऊजी, तुम्ही मास्तर ना? की टोपल्यांचा धंदा काढलात?”

मुलं मात्र रंगली. ती सगळी बिल्डिंगमधली, बांबू त्यांनी पाहिला होता तो मांडवाचा. पहिल्या शनिवारी एक जण म्हणाला, “सर, ये तो लाकूड नहीं है, गवत आहे!” आणि तो बरोबर बोलत होता, मलाही ते त्याच्याचमुळे ध्यानात आलं. पळसाच्या पानांचं पोतं मी एसटीच्या टपावरून आणलं. ते उघडलं तेव्हा खोलीत रानाचा वास पसरला, आणि मशीन तेलाच्या त्या खोलीत मला एकदम बरं वाटलं. एका मुलाने इरल्याच्या टोकाला लहानसा दिवा बसवला, बॅटरी आतून लपवली. मी म्हटलं, बसव. रानातून अंधारात घरी यायचं तर दिवा कुणाला नको आहे?

दातांना तार लावलेली एक मुलगी होती. तिला प्रश्न पडत, आणि पडला की ती थांबत नसे. तिसऱ्या शनिवारी मी सगळ्यांना भिंतीला टेकवून उभं केलं, टेपने डोक्यापासून कमरेपर्यंतचं माप घेतलं, बेरीज करून सरासरी काढली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: लांबी बासष्ट सेंटिमीटर. सगळ्यांनी एकाच मापाचं करायचं म्हणजे कामट्या एकदमच कापता येतील. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तारवाली मुलगी म्हणाली, “सर, हे घालून काम करतात ना?”

“हो.”

“मग काम करताना ते उभे असतात का?”

“तू आधी विणायला शीक,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. ती खाली बघून कामट्या मोजायला लागली.

आईनेही मला विचारलं होतं. “कोनाच्या मापाचा करायचा?” मी म्हणालो, “सगळ्यांचं सारखंच.” ती खूप हसली. “सगळी पोरां एकाच आईची का काय?” तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतंच, जसं भाकरी भाजायला चूल लागते हे कुणी सांगत नाही. आणि मी विचारलं नाही. मास्तरकीचा तो एक दुर्गुण माझ्यात पुरेपूर होता.

बावीस इरल्यांच्या कामट्या काढणं मुलांच्या हाताबाहेरचं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. ते काम आई करायची. जुलै उजाडला, आवणी सुरू झाली. ती दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, दिवा लावून माझ्या शाळेतल्या पोरांसाठी कामट्या काढत बसायची. रविवारी मी गेलो की ओसरीवर मोळी तयार असायची, एकसारख्या, गुळगुळीत कामट्यांची, कुठे कूस म्हणून नाही. पोरांच्या हाताला लागू नये म्हणून ती एकेक कामटी मांडीवरच्या फडक्यावर दोनदा ओढायची.

एकदा मोळी बांधता बांधता तिने विचारलं, “पोरांना सांगितलास का, कामट्या कोन काढतं?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

“काय म्हनली?”

“थँक्यू म्हणाली.”

ती खूश झाली. थँक्यू तिला कळत होतं. एसटीत बसल्यावर मोळी मांडीवर घेऊन मी बाहेर बघत राहिलो. एका थापेपायी ही दुसरी मारली होती, आणि ही आईला मारलेली होती.

तिला शाळेत यायचं होतं. दर रविवारी ती एकदा तरी म्हणायची, “मी येऊ का एक दिस? पोरां बघंन. बसंन एका कोन्याला.” मी म्हणायचो, पावसात कुठे येतेस. मी म्हणायचो, आवणी होऊ दे. मी म्हणायचो, शाळेत परवानगी लागते. ती आली तर पाच मिनिटांत सगळं उघडं पडणार होतं. वडिलांची मांडी, टाळ्या, माझी कला. मला नोकरीची भीती नव्हती, इतक्यासाठी कुणी नोकरीवरून काढत नाही. भीती मोठ्या बाईंच्या चेहऱ्याची होती. माझ्याबद्दल काहीतरी चांगलं वाटणारी शाळेतली ती एकटी बाई होती. आणि हेही सांगून टाकतो, थोडी लाज आईच्या गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्याचीही होती. ती असायला नको होती, पण होती.

प्रदर्शन ऑगस्टमधल्या एका शनिवारी ठरलं. मी आईला सांगितलं नाही.

त्या दिवशी बावीस इरली खालच्या मोठ्या वऱ्हांड्यात भिंतीला ओळीने टांगली होती. सगळी एका उंचीची, एका रुंदीची. प्रत्येकाखाली मुलाचं नाव आणि माप छापलेली चिठ्ठी. पालक येत होते, फोटो काढत होते. मोठ्या बाई सगळ्यांना माझ्याकडे बोट करून दाखवत होत्या. बाहेर पाऊस मधूनमधून पडत होता.

अकराच्या सुमाराला फाटकावरचा वॉचमन धावत आला. “सर, प्रदर्शनातलं एक इरलं चालत आलंय.”

आई होती. डोक्यापाठीवर इरलं, त्याखाली चिखलाने माखलेले पाय, काखेत करटोल्यांची टोपली. पाड्यावरच्या भाजीवाल्या बायका वसईच्या बाजाराला येतात, त्यांच्याबरोबर ती आली होती. आवणी आटोपली, मग म्हटलं बघून यावं. शाळेचं नाव तिला आठवत नव्हतं. तिने रस्त्यात विचारलं होतं, “पोरांना इरला शिकवतात ती शाला कंची?” आणि लोकांनी बरोबर आणून सोडलं होतं.

मी तिच्याकडे गेलो. तिने इरलं उतरवून भिंतीला टेकवलं, पदराने तोंड पुसलं, आणि टांगलेल्या त्या बावीस इरल्यांकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. हाताने कडा चाचपल्या. वीण बघितली. दिवा लावलेल्या इरल्यापाशी थांबून तो दिवा तिने दोनदा पेटवून विझवला. मग परत आली.

“विनलाय चांगला,” ती म्हणाली. “पन हा उभ्या मानसाचा हाय.”

मोठ्या बाई एव्हाना जवळ आल्या होत्या. “या कोण, सर?”

“माझी आई,” मी म्हणालो. त्या क्षणी दुसरं काही म्हणायचं मनात आलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

“अरे वा! आजी, उभ्या माणसाचं म्हणजे?”

आईने उत्तर द्यायच्या आत तारवाली मुलगी पुढे आली होती. तिने आपलं इरलं भिंतीवरून काढलं, डोक्यावर घेतलं आणि थेट पावसात मैदानावर गेली. गुडघ्यातून नव्हे, कमरेतून वाकली आणि चिखलात हात घालून रोप लावल्यासारखं केलं. इरलं सरकून तिच्या नाकावर आलं. मागे कमरेखालचा सगळा युनिफॉर्म पावसात उघडा. तिने इरलं मागे ढकललं, ते पुन्हा पुढे आलं. मुलं हसायला लागली. मग आणखी चारपाच जण इरली घेऊन मैदानात उतरले, वाकले, आणि सगळ्यांची तीच गत झाली. पालकही हसत होते. फक्त आई हसत नव्हती.

“उभ्या मानसाची पाठ आखूड असते,” ती मोठ्या बाईंना समजावून सांगू लागली. “वाकला की लांब होते. इरला वाकल्या पाठीचा करायचा. आवनीला कोन उभा ऱ्हातो?”

“पण सरांना तर हे माहीत असणार,” मोठ्या बाई म्हणाल्या. “लहानपणी वडिलांनी...”

“याला कुठनं माहीत?” आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती माझी बाजू घेत होती. “सहा वर्सांचा आश्रमशालेत घातला. आवनीला कदी घरीच नव्हता. मीच शिकवला नाय ओ माप. मला वाटला, ठावा असेल.” आणि मग माझ्याकडे वळून, “माजा चुकला रं.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“बाई, मी खोटं बोललो,” मी म्हणालो. मुलं आत आली होती, ओल्या इरल्यांतून पाणी गळत होतं, सगळे ऐकत होते. “वडिलांनी मला काही शिकवलं नाही. मला येतच नव्हतं. ही मला दर रविवारी शिकवायची आणि मी मुलांना शनिवारी शिकवायचो. कामट्यासुद्धा हिनेच काढल्या, दिवसभर आवणी करून, रोज संध्याकाळी. मी कुणाला सांगितलं नाही.”

मी वर बघू शकत नव्हतो. आधी आईचा आवाज आला.

“नाय सांगितलास? तू तर म्हनला थँक्यू म्हनली.”

मला एकदम रडू आलं. मी तोंड फिरवलं, पण तेवढ्या वऱ्हांड्यात तोंड फिरवून जाणार कुठे? तेव्हा तारवाली मुलगी म्हणाली, “थँक्यू, आजी.” मग बाकीची म्हणाली, कुणी आधी, कुणी मागून, दिवेवाला सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठ्याने. आई लाजली. तिने पदर तोंडाला लावला.

मोठ्या बाई मला पुढे खूप दिवसांनी एवढंच म्हणाल्या, “सर, मांडीपेक्षा रविवारची गोष्ट चांगली होती. तीच सांगायची होती ना.” त्या दिवशी मात्र त्यांनी एक खुर्ची आणवली आणि आईला म्हणाल्या, “आजी, आता माप घ्या. सगळ्यांचं.”

आई खुर्चीवर बसली नाही. तिने दोरी मागितली. ‘कारखान्या’त सुतळीचा गुंडा होता तो आणला. “वाका,” ती म्हणाली. बावीस मुलं वऱ्हांड्यात ओळीने कमरेतून वाकून उभी राहिली. आई एकेकाच्या मागून गेली. कपाळावर दोरी धरायची, डोक्यावरून, मानेवरून, पाठीच्या कण्यावरून ओढत कमरेखाली वीतभर न्यायची, गाठ मारायची, चार बोटं सोडून दुसरी गाठ मारायची आणि दोरी ज्याची त्याच्या हातात द्यायची. प्रत्येकाच्या पाठीवरून तिचा खरखरीत तळवा एकदा फिरायचा. मुलं खुदखुदत होती, पण हलत नव्हती. मोठ्या बाईंनीही पदर खोचला आणि वाकल्या. त्यांना एकच गाठ मिळाली.

“आजी, मला एकच का?”

“तू आता काय वाढनार?” आई म्हणाली, आणि शिक्षकांच्या खोलीतले सगळे पुढे वर्षभर ते वाक्य एकमेकांना ऐकवत राहिले.

सगळ्यांचं झालं. गुंड्यात थोडी सुतळी उरली होती. आईने ती हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं.

“तुजा माप माज्याकडं नाय,” ती म्हणाली.

मी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि वाकलो. इतकी वर्षं झाली, पण तिचा अंगठा माझ्या कपाळावर टेकला ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. दोरी डोक्यावरून मानेवर आली. तळवा पाठीवरून खाली सरकत गेला, सावकाश, इतर कुणापेक्षाही सावकाश. मधे एकदा तो थांबला. मला खालची फरशी आणि तिचे चिखलाचे पाय दिसत होते. तिने गाठ मारल्याचं जाणवलं. मी सरळ व्हायला लागलो तर म्हणाली, “ऱ्हा अजून,” आणि आणखी थोडा वेळ तिचे हात मागे काहीतरी करत राहिले. मग तिने दोरी गुंडाळून कनवटीला खोचली. माझ्या हातात दिली नाही.

करटोली तिने मोठ्या बाईंना दिली आणि भाजीवाल्यांना उशीर होईल म्हणून लगेच निघाली. फाटकापर्यंत बावीस जण तिला सोडायला गेले.

मुलांनी मग इरली उसवली. पुढच्या शनिवारपासून, आपापल्या दोरीप्रमाणे, पुन्हा विणायला घेतली. प्रदर्शन होऊन गेलं होतं, मार्क मिळणार नव्हते, तरी एकही जण गळाला नाही. या खेपेला कामट्या कोण काढतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी त्यांतले चारपाच जण माझ्याबरोबर एसटीने यायचे आणि आईच्या ओसरीवर बसून हातावर चापट्या खायचे.

पण ते नंतरचं. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एकटाच गेलो होतो. आई अंगणात बांबू चिरत होती. मी चपला काढल्या आणि नजर खुंटीकडे गेली. वडिलांच्या काळ्या पडलेल्या दोरीशेजारी नवी सुतळी होती. मी ती हातात घेतली. तिला दोन गाठी होत्या, मधे चार बोटं अंतर.

“आये,” मी म्हणालो, “मी एवढा मोठा. बाईंना एक गाठ मारलीस, मग मला दोन कशाला?”

तिने बांबू पुढे सरकवला. कोयता जागचा हलला नाही.

“पयली दोरी हाय तुजी,” ती म्हणाली. “पोराच्या पयल्या दोरीला दोन असतात.”

मी दोरी परत खुंटीला अडकवली, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.